घरातील महत्त्वाची कागदपत्रे कशी लावावीत: पहिल्यांदा हे काम हाती घेणाऱ्यांसाठी

मराठवाड्यातील बहुतेक घरांत महत्त्वाचे कागद एका जागी नसतात. जमिनीचे कागद पत्र्याच्या ट्रंकेत तळाशी, रेशन कार्ड स्वयंपाकघरातील फळीवर, पासबुक देव्हाऱ्यामागे, मुलांच्या गुणपत्रिका गादीखाली आणि आईचे आधार कार्ड तिच्या बटव्यात, अशी मांडणी वर्षानुवर्षे चालत आलेली असते आणि घरातील एका माणसाला ती तोंडपाठ असते. तो माणूस दवाखान्यात असतो किंवा कायमचा गेलेला असतो, तेव्हा घरच्यांची खरी धावपळ सुरू होते. कारण महाविद्यालयातील प्रवेश, पीक विम्याची तक्रार आणि वारसाची नोंद या सगळ्याच कामांना मुदत असते.

हे काम ज्यांनी कधीच केलेले नाही त्यांना माझे पहिले सांगणे असे आहे की फाइल, फोल्डर किंवा कपाट विकत आणण्याआधी घरातील प्रत्येक कागद एकदा वाचून काढावा. माझे वडील वारले तेव्हा आमच्या घरातील एकही कागद हरवलेला नव्हता. सातबारा, आधार, पासबुक, सगळे एका पिशवीत नीट ठेवलेले होते. तरीही वारसाची नोंद आठ महिने अडली, कारण सातबाऱ्यावर त्यांचे नाव 'बापू पि. लिंबाजी' असे होते, आधार कार्डावर 'बापूराव' होते आणि बँकेत कोणीतरी 'बाबुराव' लिहून ठेवले होते. ही तिन्ही नावे एकाच माणसाची आहेत हे सिद्ध करण्यासाठी मी तालुक्याच्या गावी किती हेलपाटे घातले याची मोजदाद ठेवली नाही. ते हयात असताना, त्यांच्याच सहीच्या अर्जावर, यातील निम्मे काम सहज झाले असते. ते कागद आम्ही जिवापाड सांभाळले होते, पण एकमेकांशेजारी ठेवून कधी वाचले नव्हते.

पहिले काम: सगळे कागद एका सतरंजीवर

त्यासाठी उन्हाळ्यातील एक सबंध दिवस राखून ठेवावा. मृग निघाला की पेरणी आणि शाळा-महाविद्यालयांचे प्रवेश एकाच वेळी सुरू होतात, आणि हवेत ओल आली की जुने कागद एकमेकांना चिकटतात. म्हणून मे महिना सर्वांत सोयीचा. पंखा बंद करून सतरंजी अंथरावी आणि घरातील कानाकोपऱ्यातून, म्हणजे ट्रंक, देवळी, बळदाच्या वरची फळी, जुन्या बॅगा, दप्तरे, कपाटातील साड्यांच्या घड्या अशा सर्व ठिकाणांहून, कागद म्हणून जे असेल ते तेथे आणून ठेवावे. या वेळी काहीही फाडू नये आणि काहीही टाकून देऊ नये.

घरातील वडीलधाऱ्यांना या दिवशी सोबत बसवणे फार गरजेचे आहे. आमच्या ट्रंकेत लाल कापडाचे एक बासन होते. त्यातला एक कागद आठ घड्यांचा होता, घड्यांच्या रेषांवर झिजून बारीक छिद्रे पडलेली, वर निजामी मुद्रांक आणि खाली आम्हाला न वाचता येणारा उर्दू मजकूर. त्याच्या कडेला मात्र आजोबांनी मराठीत एकच शब्द लिहून ठेवला होता, 'विहिरीचे'. त्या शब्दावरून आजीने सांगितले की तो सामाईक विहिरीतील हिश्शाचा कागद आहे, आणि पाण्याच्या पाळीवरून भावकीत पुढे जेव्हा बोलणे निघाले तेव्हा तोच उपयोगी पडला. वडीलधारी माणसे अशी जी माहिती सांगतील ती लगेच लिहून घ्यावी. मात्र मूळ कागदावर पेन चालवू नये, तो ज्या पाकिटात जाणार आहे त्या पाकिटावर लिहावे.

दुसरे काम: वाचन आणि एक वही

एक जाड पुठ्ठ्याची, शंभर-दोनशे पानी वही घ्यावी आणि घरातील प्रत्येक व्यक्तीला तीन-चार पाने द्यावीत. प्रत्येक कागदासाठी एक ओळ लिहावी: कागदाचे नाव, त्यावर व्यक्तीचे नाव ज्या अक्षरांत छापले आहे अगदी त्याच अक्षरांत, जन्मतारीख, कागदाचा क्रमांक, तो कधी व कोणत्या कार्यालयाने दिला आणि त्याची मुदत कधी संपते. नाव उतरवताना आपल्या मनाने दुरुस्ती करू नये. कागदावर 'मारोती' असेल तर वहीत 'मारोती'च लिहावे, 'मारुती' नव्हे, कारण चूक दिसावी म्हणूनच हे वाचन करायचे असते.

आपल्या भागात नावांचे घोळ काही ठरावीक ठिकाणी होतात. मराठवाड्यातील महसुली कागदांत पुरुषाच्या नावापुढे 'पि.' म्हणजे पिता आणि विवाहित स्त्रीच्या नावापुढे 'भ्र.' म्हणजे भ्रतार असे लिहून पुढे वडिलांचे किंवा पतीचे नाव देण्याची रीत आहे. त्यामुळे 'सखुबाई भ्र. किसन' हे नाव आधार कार्डावर आडनावासह वेगळ्याच रूपात दिसते. लग्नात नाव बदललेले असेल तर त्याच बाईचे शाळेच्या दाखल्यावरचे नाव तिसरेच निघते. ज्ञानोबा हे नाव इंग्रजीत एका कागदावर 'डी'ने सुरू होते, तर दुसऱ्यावर 'जी'ने. पाळण्यातले नाव एक, शाळेत गुरुजींनी घातलेले दुसरे आणि जन्मतारीख सरसकट १ जून, हाही अनुभव आपल्याकडे घरोघरी आहे.

असा फरक सापडला की घाईने आधार केंद्रावर जाऊ नये. आधार कार्डावरील नाव आयुष्यात दोनदाच आणि जन्मतारीख एकदाच बदलता येते, त्यामुळे आधी आपला मूळ कागद कोणता हे ठरवावे. जन्मनोंद असेल तर ती, नसेल तर शाळेचा दाखला, आणि त्यावरील नावाप्रमाणे बाकीचे कागद एकेक करून जुळवत न्यावेत. मूल शाळेत असेल तर दाखल्यातील दुरुस्ती शाळा सुटण्यापूर्वीच करून घ्यावी, नंतर ते काम अतिशय अवघड होते. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी तर शाळाप्रवेश, आधार, मतदार यादी आणि विवाहनोंदणी या सर्व ठिकाणी जन्मतारखेचा पुरावा म्हणून जन्म प्रमाणपत्रच धरले जाणार आहे. जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत करावी लागते, आणि नोंदीत बाळाचे नाव घालायचे राहून गेले असेल तर ते पहिल्या वर्षात विनाशुल्क घालता येते. ज्यांच्या घरी लहान मूल आहे त्यांनी या एका कागदावरील प्रत्येक अक्षर तपासून घ्यावे, ही माझी कळकळीची विनंती आहे.

तिसरे काम: विभागणी

माझ्या अनुभवात कागद प्रकारानुसार लावण्यापेक्षा माणसानुसार लावणे सोयीचे ठरते. सर्वांची आधार कार्डे एका पाकिटात ठेवली तर मुलाच्या प्रवेशाच्या दिवशी चार पाकिटे उघडावी लागतात. त्याऐवजी प्रत्येक व्यक्तीची एक फाइल करावी आणि तीत जन्माचा दाखला, शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका, आधार, पॅन, मतदार ओळखपत्र, जातीचा व अधिवासाचा दाखला, विवाह नोंदणी आणि दवाखान्याचे महत्त्वाचे कागद ठेवावेत. याशिवाय जमीन व घर यांची एक, बँक, विमा व कर्ज यांची एक आणि चालू वर्षाच्या पावत्यांची एक अशा तीन सामाईक फाइली पुरतात. रेशन कार्ड रोजच्या वापराचे असल्याने ते चालू फाइलीत ठेवावे.

पदवीचे कागद पाहताना नावांतील बदल ध्यानात घ्यावा. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा १९९४ मध्ये नामविस्तार झाला आणि त्याच वर्षी नांदेडला स्वतंत्र विद्यापीठ सुरू झाले, त्यामुळे एकाच घरातील वडिलांच्या आणि मुलीच्या पदवीवर वेगवेगळी नावे असणे स्वाभाविक आहे. औरंगाबादचे छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचे धाराशिव झाले म्हणून जुन्या नावाचे कागद रद्द होत नाहीत. ते जसेच्या तसे जपावेत.

जमिनीचे कागद

या फाइलीला सर्वांत जास्त वेळ द्यावा. आज डिजिटल स्वाक्षरी असलेला सातबारा १५ रुपये भरून घरबसल्या काढता येतो, त्यामुळे दर वर्षी काढलेल्या छापील प्रतींचा गठ्ठा साठवण्याची गरज राहिलेली नाही. ताजी एक प्रत पुरे. जपायचे आहेत ते हस्तलिखित सातबारे, फेरफाराच्या नकला, खरेदीखत, वाटणीपत्र, हक्कसोडपत्र, मोजणीचा नकाशा आणि बोजा उतरल्याचा बँकेचा दाखला. प्रत्येक गटाचे वेगळे पाकीट करून त्यावर गट क्रमांक, जुना सर्व्हे क्रमांक आणि घरात त्या शेताला जे नाव असेल ते, जसे 'माळाचे', 'ओढ्याकाठचे', असे तिन्ही लिहावे. जुन्या कागदांत क्षेत्र एकर-गुंठ्यांत असते आणि नव्यात हेक्टर-आरमध्ये. ४० गुंठ्यांचा एकर आणि सुमारे अडीच एकरांचा हेक्टर हे ध्यानात ठेवून दोन्ही क्षेत्रे जुळतात का ते त्याच दिवशी पाहून घ्यावे.

आपला भाग १९४८ पर्यंत निजामाच्या राजवटीत आणि त्यानंतर १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यात होता, म्हणून आपल्याकडील जुन्या कागदांत काही गोष्टी उर्वरित महाराष्ट्राहून वेगळ्या आढळतात. सन फसली, म्हणजे जुन्या महसुली वर्षगणनेचा, असतो आणि त्यात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १३५० फसली म्हणजे १९४० च्या सुमारास. किंमत हाली सिक्क्यात, म्हणजे निजामाच्या चलनात, लिहिलेली असते. खासरा पाहणी पत्रक, सेतवार, इनाम जमिनीचा मुंतखब अशी जमिनीच्या जुन्या नोंदींची नावे दिसतात. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याखाली मिळालेली कुळाची प्रमाणपत्रेही अनेक घरांत आहेत. उर्दू किंवा मोडी मजकूर वाचता येत नाही म्हणून असा कागद निरुपयोगी ठरवू नये; जाणकाराकडून त्याचा मराठी सारांश लिहून घ्यावा आणि तो मूळ कागदासोबत ठेवावा.

जिल्ह्यांची नावे वाचतानाही असाच विचार करावा लागतो. जालना जिल्हा १९८१ मध्ये, लातूर १९८२ मध्ये आणि हिंगोली १९९९ मध्ये झाला. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होते, तर किनवट आदिलाबादेत होता. त्यामुळे उदगीरच्या घरातील आजोबांच्या कागदावर जिल्हा बीदर, वडिलांच्या कागदावर उस्मानाबाद आणि मुलाच्या कागदावर लातूर असे तीन जिल्हे निघाले तरी गाव एकच असते. वहीत गावापुढे ही तिन्ही नावे लिहून ठेवल्यास अर्ज लिहिताना आणि जुनी नक्कल मागताना कोणत्या ठिकाणी जायचे ते चटकन कळते.

घर गावठाणात असेल तर ग्रामपंचायतीचा नमुना आठ ठेवावा, पण तो मुळात कर आकारणीचा उतारा आहे हे विसरू नये. खरेदीखत, मालमत्ता पत्रक किंवा ड्रोन मोजणीनंतर मिळालेली स्वामित्व योजनेची सनद हाती असेल तर ती त्याच्यासोबत लावावी. जमिनीचा खातेदार वारला असेल तर वारसांनी महसूल कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावे अशी कायद्यात तरतूद आहे. दुःखाच्या दिवसांत हे सुचत नाही, म्हणून मृत्यूच्या दाखल्याच्या पाकिटावरच ही मुदत लिहून ठेवावी.

जातीच्या दाखल्याचे पुरावे

जातीचा दाखला आणि त्याची पडताळणी यांसाठी मुलाचे स्वतःचे कागद पुरत नाहीत, वडील, आजोबा आणि चुलत्यांचे लागतात. अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि इतर मागासवर्गीयांसाठी १३ ऑक्टोबर १९६७ या तारखांपूर्वीच्या वास्तव्याचा व जातीचा पुरावा पाहिला जातो. म्हणून आजोबा-पणजोबांचा शाळेच्या प्रवेश निर्गम नोंदवहीतील उतारा, कोतवाल बुकातील जन्म-मृत्यूच्या नोंदीची नक्कल आणि जुनी खरेदीखते यांना सोन्याप्रमाणे सांभाळावे. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीने मराठवाड्यात कुणबी नोंदींचा शोध सुरू केला तेव्हा निजामकालीन कागदांची आठवण कितीतरी घरांना पहिल्यांदा झाली.

या फाइलीत वंशावळ स्वतंत्र कागदावर काढून ठेवावी आणि प्रत्येक नावाखाली त्याच्या पुराव्याचा कागद कोणाच्या घरी आहे ते लिहावे. भावकीत एकाचा जातपडताळणीचा दाखला निघाला असेल तर त्याची प्रत मागून घ्यावी. रक्ताच्या नात्यातील वैधता प्रमाणपत्राचा आधार मिळतो. हे मागण्यात संकोच करू नये आणि कोणी मागितल्यास देण्यातही करू नये.

कागद ठेवायचे कसे

महत्त्वाचा मूळ कागद कधीही लॅमिनेट करू नये. उष्णतेने शाई आणि शिक्का बिघडतो आणि तपासणाऱ्याला कागद हाताने पाहता येत नाही. टाचणी आणि स्टेपलची पिन गंजते, चिकटपट्टी पिवळी पडून अक्षरे खाते, रबरबँड वितळतो. हे तिन्ही काढून टाकावेत आणि प्रत्येक कागद, शक्य असेल तर घडी उलगडून, पारदर्शक खिशात ठेवावा. गुळगुळीत कागदावरच्या छापील पावत्या, म्हणजे एटीएम आणि दुकानांतल्या, वर्षभरात कोऱ्या होतात, म्हणून त्यांची झेरॉक्स काढून ठेवावी.

या फाइलींसाठी पत्र्याची ट्रंकच उत्तम. ती भिंतीला टेकवू नये आणि जमिनीवरही ठेवू नये, चार विटांवर किंवा लाकडी फळीवर ठेवावी, कारण वाळवी भिंतीतून आणि जमिनीतूनच येते. माळवदाच्या घरात पहिल्या मोठ्या पावसात धाबे कोठे गळते ते घरच्यांना ठाऊक असते. ती जागा टाळावी. वाळवलेला कडुनिंबाचा पाला किंवा वेखंड कापडाच्या पुरचुंडीत बांधून ट्रंकेत ठेवावे आणि पावसाळ्यानंतर एकदा उघडून हवा द्यावी. नदीकाठच्या गावांनी फाइली जाड प्लास्टिकच्या पिशवीत घालून, उचलून नेता येईल अशा एकाच बॅगेत ठेवाव्यात. २०२५ च्या सप्टेंबरात सिंदफणेला पूर आला तेव्हा काठच्या घरांत रात्रीतून पाणी शिरले. तशा वेळी ट्रंक उचलत नाही, बॅग उचलते. भूकंपाचे तर आपण पाहिलेच आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील गावे कोसळली तेव्हा माणसांबरोबर त्यांचे कागदही ढिगाऱ्याखाली गेले.

कागद भिजलेच तर ते उन्हात टाकू नयेत. चिकटलेली पाने ओढून सुटी करण्याऐवजी सावलीत, कोऱ्या कागदांच्या थरांत ठेवून, वरचे कागद दर काही तासांनी बदलत वाळवावेत.

दुसरी प्रत, घराबाहेर

प्रत्येक महत्त्वाच्या कागदाची एक झेरॉक्स दुसऱ्या गावातील जवळच्या नातलगाकडे ठेवावी आणि फोनने स्वच्छ उजेडात फोटो काढून ते एका वेगळ्या फोल्डरात जमा करावेत. आधार, वाहन परवाना आणि अनेक गुणपत्रिका डिजिलॉकर या सरकारी ऑनलाइन सेवेत थेट त्या त्या कार्यालयाकडून मिळतात आणि तेथून घेतलेली प्रत कायद्याने मूळ कागदाच्या बरोबरीची मानली जाते. आपण स्वतः फोटो काढून तेथे चढवलेल्या प्रतीला हा दर्जा नसतो, हे पुष्कळांना माहीत नसते. झेरॉक्स देताना तीवर 'अमुक कामासाठी' असे लिहून तारीख घालावी. आधारची प्रत मागितली आणि पूर्ण क्रमांकाची गरज नसेल तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत द्यावी. गावातील केंद्रावर ऑनलाइन अर्ज भरला असेल तर तेथील संगणकावर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर राहिलेले आपले कागद आपल्यासमोर पुसून घ्यावेत.

ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांनी मूळ कागदांपैकी फक्त आधार आणि लहान मुलांचे लसीकरण कार्ड बरोबर न्यावे, रेशन कार्डाची प्रत पुरते. आधारची ओळख पटवून कारखान्याच्या गावीही धान्य उचलता येते. जमिनीचे कागद कोपीत नेऊ नयेत.

घरच्यांना सांगणे

वहीच्या शेवटच्या पानावर प्रत्येक बँक खाते, विमा, भिशी, बचतगटातील ठेव, दिलेले व घेतलेले हातउसने आणि नामनिर्देशित व्यक्तीचे नाव लिहावे. पासबुकात दर वर्षी ४३६ आणि २० रुपये कापले गेल्याच्या नोंदी दिसल्या तर ते जीवन ज्योती आणि सुरक्षा विम्याचे हप्ते आहेत. प्रत्येकी २ लाखांचे हे संरक्षण आहे हे घरातील बाईला माहीतच नसते आणि दावा राहून जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून बँक खात्याला चार जणांपर्यंत नामनिर्देशन करता येते, जुन्या खात्यात वारलेल्या आईचे नाव तसेच असेल तर ते आजच बदलावे. मृत्युपत्र करायचे असेल तर दोन साक्षीदारांच्या सह्या आवश्यक आहेत, नोंदणी सक्तीची नाही, तरी आपल्याकडील भावकीचे वाद पाहता ती करून घेणे बरे. एटीएमचा पिन मात्र या वहीत लिहू नये.

वही कोठे आहे हे घरातील दोघांना तरी ठाऊक असावे आणि त्यांपैकी एक स्त्री असावी. मूळ कागद घराबाहेर गेला की वहीत तारीख, कोणाला दिला आणि कशासाठी, अशी ओळ लिहावी, आणि तो परत ट्रंकेत आला की त्याच ओळीपुढे परतीची तारीख घालावी.